मुलांचे दात किडू नयेत म्हणून: पहिल्या दातापासून बाराव्या वर्षापर्यंत काय काय करायचं

‘दुधाचे दात आहेत, आज ना उद्या पडणारच’ असं म्हणत मुलाच्या किडक्या दाढेकडे काणाडोळा केला जातो. मूल ६-७ वर्षांचं झाल्यावर पुढचे दात पडतात, हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात टिकायच्या असतात. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर त्या दाढेला अजून सात-आठ वर्षं घास चावायचे आहेत. शिवाय खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवायचं कामही तिचंच. ती वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे पक्के दात वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले येतात. मुळाशी पू झाला, तर आत तयार होत असलेल्या पक्क्या दाताच्या आवरणालाही धक्का पोहोचू शकतो. दुखऱ्या दाढेमुळे मूल एकाच बाजूने चावतं, कडक पदार्थ नको म्हणतं, रात्री रडत उठतं, ते वेगळंच.

एवढं सगळं टाळता येतं. दातांची कीड बहुतांशी रोखता येणारी आहे, आणि अगदी सुरुवातीला लक्षात आली तर मागेही फिरवता येते. त्यासाठी रोज करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. मात्र त्या नेमक्या कशा करायच्या, हे नीट समजून घ्यायला हवं.

कीड लागते कशी

दातांवर सतत एक चिकट, पांढुरका थर जमत असतो. त्याला प्लाक म्हणतात. त्यात असंख्य जिवाणू असतात आणि त्यांतले काही, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचे, साखर मिळाली की तिचं आम्ल बनवतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातून, म्हणजे एनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतात. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल सौम्य करते आणि गेलेली खनिजं परत दातात भरते. एका खाण्यानंतर हे सावरायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. दात दिवसभर असे थोडे झिजत आणि थोडे भरत असतात. झीज भरण्यापेक्षा जास्त झाली की कीड लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुलाने साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, याला जास्त महत्त्व आहे. चार बिस्किटं जेवणानंतर एकदम खाल्ली तर दातांवर आम्लाचा मारा एकदाच होतो. तीच चार बिस्किटं दुपारभर तासातासाने एकेक खाल्ली तर मारा चार वेळा होतो आणि लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत १९४० च्या दशकात झालेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: जेवणासोबत साखर घेणाऱ्यांपेक्षा अधूनमधून चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या मतिमंद रुग्णांवर तो प्रयोग केला गेला, ही फार वाईट गोष्ट होती आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय त्याचा निष्कर्ष सांगू नये. पण तो निष्कर्ष आजही खरा आहे.

दुसरी गोष्ट रात्रीची. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. रात्री दातांवर राहिलेल्या साखरेला सौम्य करणारं, धुऊन काढणारं मग कुणी उरत नाही. म्हणून दिवसातल्या दोन ब्रशपैकी एखादा चुकणारच असेल, तर तो रात्रीचा तरी चुकू देऊ नका.

पहिला दात दिसला की सुरुवात

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो; काही बाळांना वर्षाच्या आसपासही येतो आणि त्यात काळजीचं काही नाही. त्याआधी पाजून झाल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसल्या तर बाळाला तोंडात हात घालून घ्यायची सवय होते. दात दिसल्यावर मात्र मऊ केसांचा छोटा ब्रश आणि पेस्ट लगेच सुरू करायची, दिवसातून दोनदा. ‘सगळे दात येऊ देत, मग बघू’ म्हणत थांबू नका. सगळे २० दात यायला अडीच-तीन वर्षं लागतात आणि तोवर पुढचे दात किडूनही गेलेले असू शकतात.

याच सुमारास घरातल्या मोठ्यांनी आपापले दात तपासून घ्यावेत. कीड लावणारे जिवाणू बाळाकडे बहुतेकदा घरातल्या माणसांच्या लाळेतूनच येतात. आईच्या तोंडात उपचार न केलेली कीड असेल तर बाळाला धोका वाढतो. आईने गरोदरपणातच दातांवर उपचार करून घेतले तर उत्तमच. ते त्या काळात सुरक्षित असतात.

रात्रीची बाटली

लहानग्यांचे वरचे पुढचे चार दात किडलेले आणि खालचे पुढचे मात्र शाबूत असं चित्र दिसलं, की डॉक्टर पहिला प्रश्न बाटलीचा विचारतात. बाळ बाटली तोंडात घेऊन झोपलं की दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते आणि जवळच लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून ते वाचतात.

म्हणून दूध पाजून झालं की दात स्वच्छ करायचे आणि मग झोपवायचं. झोपताना बाटली हवीच असा हट्ट असेल तर तीत फक्त साधं पाणी. सवय मोडायची असेल तर काही रात्री दुधात पाणी वाढवत न्या. बरीच बाळं स्वतःहून बाटली सोडतात. वर्षाचं झाल्यावर बाटली बंद करून पेला सुरू करावा. चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून देऊ नये. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच द्यायचा नसतो. त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

अंगावरच्या दुधाबद्दल आयांना विनाकारण घाबरवलं जातं. स्तनपान बाळासाठी उत्तमच आहे आणि जागतिक आरोग्य संघटना ते दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवायला सांगते. धोका वाढतो तो वर्षानंतर रात्रभर वारंवार पाजणं, दिवसभरात गोड खाणं आणि दात न घासणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर. त्यामुळे पाजणं थांबवण्याआधी गोड आणि ब्रश या दोन गोष्टींकडे बघा.

पेस्ट घेताना ट्यूबची मागची बाजू वाचा

ट्यूबवर काय चित्र आहे याला महत्त्व नाही. मागे बारीक अक्षरात फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आहे ते बघा. मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं किंवा ५०० पीपीएम एवढंच असतं. किडीपासून भरवशाचं संरक्षण हवं तर किमान १००० पीपीएम लागतं. फ्लोराइड लाळेतली खनिजं दातात परत बसायला मदत करतं आणि त्यातून तयार होणारा थर आम्लाला आधीइतकी दाद देत नाही.

मात्र पेस्ट किती घ्यायची याला मर्यादा आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ब्रशवर नुसती लिपल्यासारखी. ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढलेली दिसते तेवढी कधीच नाही. सहा वर्षांनंतर मोठ्यांची, १३५० ते १५०० पीपीएमची पेस्ट चालते. लहान मूल पेस्ट गिळतं, पण एवढी कमी गिळली गेली तर घाबरायचं कारण नाही. रोज जास्त पेस्ट पोटात जात राहिली तर पुढे येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे पट्टे किंवा डाग उमटू शकतात, त्याला फ्लोरोसिस म्हणतात. म्हणून पेस्ट ब्रशवर तुम्हीच लावा आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. तुमच्या पिण्याच्या पाण्यात नैसर्गिक फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर पेस्ट कोणती आणि किती, हे दातांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

ब्रश: तुमच्या हाताने, ७-८ वर्षांपर्यंत

या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा. पाच वर्षांचं मूल ‘मी माझं करतो’ म्हणत ब्रश फिरवतं आणि आपण कौतुकाने बघतो. त्याला करू द्यावं, पण त्यानंतर ब्रश आपल्या हातात घ्यावा. दाढेच्या मागच्या कोपऱ्यात ब्रश पोहोचवून तो बारीक हलवायला जो हात लागतो, तो मुलांचा ७-८ वर्षांपर्यंत तयार झालेला नसतो. सकाळी मुलाने स्वतः घासलं तरी चालेल, रात्री तुम्हीच.

अगदी लहान, वळवळणाऱ्या बाळासाठी दोन मोठ्या माणसांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे टेकवून बसावं. बाळाचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याकडे. ज्याच्या मांडीवर डोकं आहे तो वरून वाकून घासतो, दुसरा हात अलगद धरतो. रडताना तोंड उघडंच असतं, त्यामुळे काम होतं. पटकन पण हळुवार उरकायचं आणि लगेच उचलून घ्यायचं. एकटे असाल तर पलंगावर तुम्ही उशाकडे बसा आणि बाळाचं डोकं मांडीत घ्या. मूल तीनेक वर्षांचं झालं की आरशासमोर त्याच्या मागे उभे राहा आणि त्याचं डोकं आपल्या पोटावर टेकवा. डाव्या हाताच्या बोटाने ओठ किंवा गाल बाजूला करायचा, उजव्या हातात ब्रश. मुलासमोर उभं राहून घासायला गेलात तर मान मागे मागे जाते आणि आतलं काहीच दिसत नाही.

ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरपे टेकवा आणि जागच्या जागी बारीक बारीक हलवा. प्लाक तिथेच सगळ्यात जास्त जमतो. जोर लावायचा नाही. क्रम ठरलेला असू द्या: आधी सगळ्या दातांची बाहेरची बाजू, मग जिभेकडची, शेवटी दाढांचे माथे. सुरुवात मागच्या दाढांपासून करा, कारण मूल कंटाळेपर्यंत अवघड भाग उरकलेला असतो. वरच्या शेवटच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला ब्रश शिरत नाही अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. तिथे मुलाला ‘आ’ करायला सांगू नका. उलट तोंड अर्धवट मिटायला सांगा. तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो. मिटल्यावर तो सैल पडतो आणि ब्रश सहज मागे जातो. एकूण दोन मिनिटं.

घासून झाल्यावर थुंकायचं, पण चुळा भरायच्या नाहीत. आपल्याला लहानपणापासून खळखळून चुळा भरायची सवय असते, म्हणून हे पचनी पडत नाही. पण चूळ भरली की दातांवर राहायला हवं असलेलं फ्लोराइड वाहून जातं. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काहीही तोंडात जायला नको, दूधसुद्धा नाही.

दाढा एकमेकींना चिकटल्या की त्यांच्या मधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही. साधारण ३-४ वर्षांपासून रात्री तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक धागा, फिरवावा. मूठ असलेला छोटा फ्लॉस मुलांच्या तोंडात वापरायला सोपा जातो. ब्रशचे केस वाकले की बदला, नाहीतर दर तीन महिन्यांनी.

खाण्याच्या वेळा बांधा

गोड कायमचं बंद करा असं मी सांगणार नाही. ते कुणाच्याच घरात टिकत नाही. त्यापेक्षा खायच्या वेळा ठरवा. तीन जेवणं आणि मध्ये दोन वेळा खाणं एवढं मुलांना पुरतं. गोड द्यायचंच तर जेवणाला जोडून द्या, कारण तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते. दोन खाण्यांच्या मध्ये फक्त पाणी.

दातांना चिकटून राहणारे पदार्थ सगळ्यात वाईट: टॉफी, चघळायच्या गोळ्या आणि सुकवलेली गोड फळंसुद्धा. बिस्किटं आणि कुरकुरीत तळलेल्या चकत्या गोड नसल्या तरी त्यांचा पिठूळ लगदा दाढेच्या खाचांत बसून राहतो आणि जिवाणूंना तोही चालतो. फळाचा रस म्हणजे फळ नव्हे: साखर आणि आम्ल दोन्ही मोकळं होऊन येतं. वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नये. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलिलिटर. तोही जेवणासोबत पेल्यातून द्या. दिवसभर घोट घोट घ्यायला नळीच्या बाटलीत भरून देऊ नका.

प्रमाणाचंही थोडं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितल्याप्रमाणे वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमलं तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी. दिवसाला १५०० कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे साधारण १९ ग्रॅम, जेमतेम पाच चमचे. पाकिटामागचा तक्ता वाचायची सवय लावली तर एकेका पेयात एवढी साखर सापडते.

औषधांकडेही लक्ष हवं. पातळ औषधं बऱ्याचदा साखरेच्या पाकात असतात. मुलाला दीर्घकाळ औषध घ्यावं लागत असेल तर साखर नसलेलं मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा आणि रात्रीचा डोस ब्रशच्या आधी द्या. दम्याचा पंप वापरल्यावर पाण्याने चूळ भरायला लावा. उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश करू नका. आधी पाण्याने तोंड खळखळून घ्या आणि अर्ध्या तासाने घासा.

महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा

चांगल्या उजेडात मुलाला मांडीवर झोपवा. वरचा ओठ अंगठ्याने वर करा, स्वच्छ कोरड्या फडक्याने दात पुसा आणि हिरडीला लागून असलेली कड बघा. निरोगी दात तिथेही चकचकीत दिसतो. कड खडूसारखी पांढरी, निस्तेज दिसली, विशेषतः पुसल्यावर जास्त उठून दिसली, तर ती किडीची सुरुवात आहे. दात ओला असताना हा पट्टा नजरेतून निसटतो, म्हणून पुसणं महत्त्वाचं. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइड, रोजची सफाई आणि गोडाच्या वेळांवर ताबा यांनी कीड इथेच थांबू शकते. पिवळसर-तपकिरी आणि मऊ झालेला भाग म्हणजे कीड पुढे गेली आहे.

सहा वर्षांची दाढ

पालकांच्या नजरेतून सगळ्यात जास्त सुटणारा दात हाच. साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळत नाही किंवा ती दुधाचीच समजली जाते. ओळखायची युक्ती सोपी आहे. दोन पुढच्या दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा दात दिसला तर तो पक्का, जन्मभराचा.

या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि ती वर येत असताना महिनोन् महिने शेजारच्या दातांपेक्षा खालच्या पातळीवर असते. नेहमीसारखा ब्रश फिरवला की तो तिच्या वरून निघून जातो. म्हणून ब्रश गालाकडून आडवा आत घाला आणि फक्त त्या एका दाढेवर घासा. असं ती पूर्ण वर येईपर्यंत करायचं. दुसरी पक्की दाढ साधारण बाराव्या वर्षी येते. तेव्हा मूल स्वतः ब्रश करत असतं, म्हणून तिच्याकडे आणखीच दुर्लक्ष होतं. पुन्हा एकदा तोंडात डोकावायची ती वेळ आहे.

दाढ पुरेशी वर आली की डॉक्टरांना सिलंटबद्दल विचारा. दाढ कोरडी करून खाचांवर पातळ राळेसारखं द्रव्य पसरतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम. मागच्या पक्क्या दाढांमधली जवळपास ८० टक्के कीड त्याने दोन वर्षं टळते. तो निघाला तर नाही ना, हे प्रत्येक तपासणीत बघून घ्यायचं.

डॉक्टरांकडे कधी

पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी. दुखणं नसताना गेलं की मुलाला खुर्चीची भीती बसत नाही. त्यानंतर दर सहा महिन्यांनी. आधी कीड लागलेली असेल तर दर तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, लावता येतो का, हे विचारा. लहान मुलाच्या किडलेल्या दातावर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे चांदी आणि फ्लोराइड असलेलं पातळ औषध लावूनही कीड जागीच थांबवता येते. किडलेला भाग त्याने काळा पडतो, पण खुर्चीत न बसणाऱ्या दोन वर्षांच्या मुलासाठी तो मोठा आधार आहे.

किडलेला दात दुखायचा अचानक थांबला, तर तो बरा झाला असं धरू नका; आतली नस मेलेली असू शकते. हिरडीवर छोटी पुटकुळी आली असेल आणि ती दुखत नसेल, तरी ती आतल्या पुवाची वाट असते. नुसत्या अँटिबायोटिकने हे मिटत नाही, दातावरच उपचार करावे लागतात. वेदनाशामक द्यायचं तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे आणि तोंडाने. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही आणि कुठलीही गोळी हिरडीवर ठेवायची नाही, हिरडी भाजते. गाल सुजला, ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकू लागली, तोंड उघडेना किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न बघता तडक रुग्णालयात न्या.